आ कर, जीभ वर

माणसाच्या मनाचा तळ आजवर कोणालाही सापडलेला नाही, असं ऋषिमुनींपासून मानसशास्त्रज्ञांपर्यंत सगळे सांगत आले आहेत. औताडे सिस्टरांना तो बहुतेक वेळा जिभेखाली सापडायचा. तिथं नसला तर डाव्या गालात.

आमच्या कारागृहातल्या दवाखान्यासमोर एक कडुलिंब आहे. रोज संध्याकाळी पाचला, बंदी बराकीत कोंडले जाण्याआधी, त्याच्याखाली लोखंडी टेबल मांडलं जाई. टेबलावर पाण्याचा जग, कप्प्याकप्प्यांचा गोळ्यांचा डबा, नोंदवही आणि रबरबँड गुंडाळलेली विजेरी. रबरबँड कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. “झाकण सैल झालंय,” सिस्टर म्हणाल्या. मला काहीतरी खोल उत्तर अपेक्षित होतं.

डोक्याच्या गोळ्या चालू असलेले तीस-चाळीस जण रांगेत उभे राहत. गोळी तोंडात, वर पाणी, आणि मग सिस्टरांचा मंत्र: “आ कर. जीभ वर. डावा गाल. उजवा गाल. जा.” विजेरीचा झोत तोंडातून फिरून यायचा, तोवर पुढच्याचा हात पुढं आलेला असे. हे सगळं माझ्यासमोर चाले, कारण नोंदवहीत साक्षीदाराची सही लागते आणि न्यायालयीन शाखेतला कारकून पाच वाजता रिकामा असतो, असा समज आहे. आमच्या घराण्यात चार पिढ्या पौरोहित्य झालं आणि नंतर तीन पिढ्या कारकुनी. दोन्हींत दुसऱ्याने केलेल्या कर्माला आपण साक्षी राहायचं असतं. मला ते जमून गेलं.

गोळी न गिळता गालात ठेवण्याची कारणं दोन. एक म्हणजे तुरुंगात झोपेची गोळी बिडीच्या बदल्यात चालते. दुसरं म्हणजे काही जण ती साठवतात. विजेरी खरं तर या दुसऱ्यांसाठी होती. पहिल्यांवर सिस्टर फक्त ओरडत. दुसऱ्यांवर कधी ओरडल्या नाहीत.

मोठ्या सरकारी दवाखान्यातून मानसोपचाराचे डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येत, तेही गाडी मिळाली तर. कागदावर ते लांबलचक इंग्रजी नाव लिहून जात. उरलेले चौदा दिवस सिस्टर होत्या आणि त्यांच्याकडे सगळ्या मानसशास्त्राचे तीनच वर्ग होते: झोपेचे, आवाजाचे आणि लाटेचे. लाटेचे म्हणजे “कधी आभाळाला हात, कधी आडात.” कोणी मनाविषयी बोलू लागलं की त्या मध्येच तोडत. “मन मागून बघू. आधी सांग, झोप लागली का आणि पोट साफ झालं का.” गुन्हा काय, हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. मी सांगायला गेलो तर म्हणत, “ते तुमच्या फायलीत राहू द्या कुलकर्णी भाऊ. माझ्याकडं नुसती गोळी असू द्या.”

बाई ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चालायला इतक्या जलद की सोबतच्या शिपायाला दुडकत जावं लागे. नवरा वाळूजच्या कारखान्यात फिटर, त्याच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे दोघांची गाठ आठवड्यातून एखाद्या वेळीच पडते आणि म्हणून संसार नीट चाललाय, असं त्या सांगत. बंदी लहान असो की म्हातारा, त्या त्याला ‘बाबा’ म्हणत. रागावल्या की अधीक्षक साहेबांनाही ‘बाबा’ म्हणत. साहेबांना तो आदर वाटे.

साहेबांना व्याख्यानांची आवड होती. दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात त्यांनी ‘तणावमुक्ती शिबिर’ भरवलं. शहरातले एक वक्ते आले. त्यांनी तीनशे बंद्यांना डोळे मिटायला लावले आणि आपण समुद्रकिनारी बसलोय अशी कल्पना करा, असं सांगितलं. मराठवाड्यातल्या तीनशे माणसांपैकी बहुतेकांनी जायकवाडीपलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या साली तर तिथंही गाळच होता. एक बंदी हुंदके देऊन रडू लागला. साचलेलं बाहेर पडतंय, असं वक्त्यांनी सांगितलं. सगळे गंभीर झाले. सिस्टर उठल्या, त्याच्यापाशी गेल्या, आ करायला लावलं आणि परत येऊन बसल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“दाढ किडलीया.”

त्याच उन्हाळ्यात पाण्यावरून साहेबांची आणि त्यांची जुंपली. टँकर दिवसाआड येत होता आणि प्रत्येकाला पाणी मोजून मिळे. लाटेच्या लोकांना जी गोळी देतात, लिथियम, तिचा एक वाईट गुण आहे. अंगात पाणी कमी पडलं की तीच गोळी विषासारखी चढते. सिस्टरांनी नऊ जणांसाठी रोज दोन तांबे जास्त मागितले. साहेब म्हणाले, “सिस्टर, सगळ्या मराठवाड्याला पाणी नाही.”

“सगळा मराठवाडा ही गोळी खात नाय, बाबा.”

तांबे मिळाले. लगेच बराकीतून आरडाओरड झाली की येड्यांना जास्त पाणी आणि शहाण्यांना कमी, हा कुठला न्याय. दुसऱ्या दिवशी रांगेत चार नवे लाटेचे रुग्ण उभे. सिस्टरांनी त्यांना हात सरळ पुढे धरायला सांगितले आणि पंजावर नोंदवहीतला एकेक कोरा कागद ठेवला. कागद हलला नाही. मग त्यांनी जुन्या नऊतल्या एकाला बोलावून त्याच्या हातावर कागद ठेवला. तो पिंपळपानासारखा थरथरत होता. “ही गोळी खाल्ली की हात असा होतो,” त्या म्हणाल्या. “चहा सांडतो, सही येत नाय, सुईत दोरा जात नाय. कोणाला पायजे?” चौघेही बराकीत परत गेले. मी मात्र ते पाहून विसरलो. विसरायला नको होतं.

मग महामारी आली.

आमचं कारागृह बांधलं तेव्हा गावाबाहेर होतं. आता शहर चालत येऊन भिंतीला टेकलंय. पलीकडे सात मजली इमारती उभ्या आहेत. ‘बाल्कनीतून कायमस्वरूपी मोकळं हिरवं दृश्य’ अशी त्यांची जाहिरात होती. ते हिरवं म्हणजे आमची तुरुंगशेती. कायमस्वरूपी हेही खरंच होतं, आमच्याकडच्या कित्येकांच्या बाबतीत. सगळ्या देशाला थाळ्या वाजवायला सांगितलं होतं त्या संध्याकाळी या बाल्कन्यांनी एकदम सुरुवात केली. बराकींनी ते ऐकलं. बराकींकडेही थाळ्या होत्या.

तुरुंगात थाळी वाजली की ती दंगलीची पहिली खूण समजतात. धोक्याची घंटा झाली, शिपाई लाठ्या घेऊन धावले, फाटकं बंद झाली. हा देशाभिमान आहे की उठाव, हे दहा मिनिटं कोणालाच कळेना. बाल्कन्यांना वाटलं, आमची घंटा त्यांच्याच कार्यक्रमातली आहे. त्यांनी जोर वाढवला.

या गोंधळात सिस्टर दवाखान्यातून निघाल्या आणि बराकींच्या गजांसमोरून चालू लागल्या. शेख हवालदार आडवे आले. “सिस्टर, अंदर जाओ. माहौल ठीक नहीं.”

“माहौलच बघायला चालले, शेखभाऊ.”

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. “तिसऱ्या बराकीत एक जण वाजवंना.”

“मग तो एकटा शहाणा म्हणायचा,” मी म्हणालो.

“एवढ्या गोंगाटात ज्याचा हात थाळीकडं जात नाय, त्याच्याकडं बघाया पायजे.”

तो अंकुश होता. वय सव्वीस. वाळूजला पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला असताना लाट आली. चार दिवस झोपला नाही, मशीन आपल्याला हुकूम सोडतंय असं त्याला वाटू लागलं आणि त्याने सुपरवायझरच्या डोक्यात पाना घातला. सुपरवायझर वाचला. अंकुशवर खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला आणि दोन वर्षं उभाच होता. त्याची आई फर्दापूरला, लेणी बघायला येणाऱ्यांच्या एका हॉटेलात भांडी घासायची. दर मंगळवारी एसटीने यायची, जाळीपलीकडे वीस मिनिटं बसायची आणि परत जायची. तिचा एकही मंगळवार चुकला नव्हता. गोळ्यांनी त्याची लाट बसली होती, पण तो दिवस मंगळवारावरून मोजायचा हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं.

मुलाखती थाळ्यांच्या आधीच बंद झाल्या होत्या. कोर्टात नेणं बंद झालं. आणि वरून परिपत्रकं येऊ लागली, रोज एक. त्यांतल्या एकात सहा फूट अंतराचा नियम होता. त्यावरून स्थानिक आदेश काढायचा होता. साहेबांनी मला मसुदा करायला सांगितला. मी केला: ‘औषध वितरणाच्या वेळी कोणत्याही बंद्यास मुखपट्टी काढण्यास भाग पाडू नये. गोळी कागदी पुडीतून द्यावी. बंद्याने ती आपापल्या बराकीत जाऊन सेवन करावी.’ तीन वाक्यांत काम झालं याचं मला समाधान होतं.

सिस्टरांनी आदेश दोनदा वाचला.

“कुलकर्णी भाऊ, हे तुम्ही लिहिलं?”

“मसुदा माझा. सही साहेबांची.”

“भाषा चांगली हाय. आता ह्यातला एखादा गेला तर त्याची नोंद बी अशीच चांगली लिहा.”

त्या साहेबांकडे गेल्या. मी दाराशी होतो. “सिस्टर, तोंड उघडलं की विषाणू बाहेर येतो,” साहेब समजावत होते.

“आन् बंद ठेवलं की गोळी आत जात नाय, बाबा.”

साहेब म्हणाले, आदेश वरचा आहे. वर म्हणजे माझं टेबल होतं, पण मी बोललो नाही. विजेरी खणात गेली. पाचला टेबल मांडलं जाई, पुड्या टेबलावर ठेवल्या जात, एकेक जण येऊन उचलून नेई. साक्षीदार म्हणून मी सही करी. कशाला साक्षी होतो, हे विचारायची सोय नव्हती.

मुलाखतीऐवजी फोनची सोय झाली. पाच मिनिटं, समोर शिपाई. अंकुशच्या आईकडे फोन नव्हता; शेजाऱ्याच्या फोनवरून ती बोलली. बोलणं झाल्यावर तो टेबलापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, “सिस्टर, ती माझी आई नव्हती.”

“मंग कोन व्हती?”

“कोनतरी उभी केलती. आवाज येगळा हाय. आई गेली. मला सांगंनात.”

सिस्टरांनी पुढच्या खेपेला व्हिडिओवर बोलायची परवानगी मिळवली. शेजाऱ्याच्या पोराने मोबाइल धरला. पडद्यावर एक बाई आली, नाकातोंडावर पट्टी आणि वरून पदर. महामारीतला नियम होता तो, तिने पाळला. अंकुशने क्षणभर पाहिलं आणि मोबाइल शिपायाच्या हातात परत दिला. “तोंड झाकून कोनीबी बसंल,” तो म्हणाला. त्याचं चूक होतं असं म्हणवत नाही. त्या दिवसांत आम्ही सगळेच कोणीही होतो.

यानंतर तो सुधारू लागला. निदान साहेबांना तसं वाटलं. कारागृहाच्या शिवणकामात कापडी मास्क करायचं काम जोरात होतं आणि माणसं कमी होती. अंकुशला पूर्वी तिथं नुसत्या कापडाच्या घड्या घालायला बसवत. आता तो मशीनवर बसू लागला. टाके सरळ येऊ लागले. दिवसाला इतरांच्या दुप्पट मास्क. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे सहा फुटांवरून त्या दिशेला हात केला, आणि म्हणाले, “श्रमाने माणूस घडतो, याचं हे उदाहरण.” सगळ्यांनी माना हलवल्या. पाहुण्यांसाठी आलेला चहा त्यालाही दिला. त्याने स्टीलचा गिलास एका हाताने उचलला, पट्टी हनुवटीवर ओढून दोन घोट घेतले आणि खाली ठेवला.

सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझी बाही धरली. वीस वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

“एक थेंब सांडला नाय,” त्या म्हणाल्या.

मला लगेच कळलं नाही. मग तो कागद आठवला, न हललेला.

दवाखान्यात येऊन त्यांनी दार लावलं. “आदेश निघाल्यापासून त्यानं एक बी गोळी खाल्ली नाय. फेकल्या असत्या तर शिपायाला मोरीत दिसल्या असत्या. त्यानं ठेवल्यात.” मग बोटांवर मोजून म्हणाल्या, “महिन्यावर झालं. एका माणसाला पुरून उरतेत.”

“साहेबांना सांगू. झडती होईल.”

“झडतीत चाळीस शिपाई घुसतेन, सतरंज्या उलट्या करतेन. त्याला कळायला किती वेळ लागतो? मूठ तोंडात टाकायला तेवढा बी लागत नाय. आन् नाय सापडल्या तर त्याला कोठडीत एकटा टाकतेन. एकटा टाकला की संपलं.”

“पण नाही सांगितलं आणि काही झालं तर?”

“मंग तुमची आन् माझी नोकरी. त्याचं तर सगळंच.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “दोन दिवस द्या मला.”

मी दिले. धैर्याने नाही, तो आदेश माझ्या अक्षरात होता.

त्या संध्याकाळी पुडी उचलायला अंकुश आला तेव्हा सिस्टरांनी पुडीवर हात ठेवला. “बस. आज रांगेत शेवटचा जा.” बाकीचे गेले. ते दोघं टेबलाच्या दोन बाजूंना; मी नोंदवहीत मान घालून. शेख हवालदार जरा लांब.

“अंकुशबाबा, तुला काय दाखवलं म्हंजे पटंल, आई हाय?”

तो म्हणाला, “तिला बघू द्या. मोबाइलात नाय.”

“आन् पटलं तर?”

“मंग बघू.”

“मंग बघू नाय. मंग जे ठेवलंय ते माझ्याकडं द्यायचं.”

त्याने मान वर केली. तिकडे फाटकावर बंद्यांच्या गिनतीची शिट्टी झाली. नाही म्हणाला असता तर बहुतेक त्याच रात्री संपलं असतं, आणि शेख हवालदारांना ओरडून बोलावलं असतं तर त्याच घटकेला.

“कवा?” तो म्हणाला.

“परवा. तवर शब्द दे.”

“दिला.”

“आ कर म्हनू का?”

तो किंचित हसला. “नका म्हनू. आदेश हाय ना.”

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी कागद केला: लिथियम घेणाऱ्या बंद्याच्या रक्तातलं प्रमाण तपासणं गरजेचं असल्याने त्यास मोठ्या दवाखान्यात पाठवावे. हे खरंच होतं, नियमातही होतं, आणि महामारीत कोणी ते पाळत नव्हतं. साहेबांनी सही केली. आईला निरोप शेजाऱ्याच्या फोनवर. एसटी बंद होती. ती भाजीच्या टेम्पोत बसून येणार होती. मी साक्षीदार म्हणून गाडीत बसलो. त्याची काही गरज नव्हती, पण कोणी विचारलं नाही.

दवाखान्याच्या मागच्या फाटकापाशी गाडी थांबली. चार पोलीस, हातकडीत अंकुश, सिस्टर, मी. समोरच्या भिंतीला लागून एक बाई उकिडवी बसलेली. पदर कपाळापर्यंत, खाली पट्टी, मधल्या फटीत डोळे. आम्हाला बघून उठली. अंकुश जागेवर थांबला.

“पट्टी काढा, मावशी,” सिस्टर म्हणाल्या.

बाई मागे सरली. “नाय बाई. पोलीस मारतेत म्हनं.”

तिच्यासमोर चार पोलीस उभे होते. त्यांतला एक म्हणाला, “ओ सिस्टर, मास्क काढायला लावू नका. इथं फिरतं पथक आहे.” दुसऱ्याने दोरी ओढली. अंकुश वळला. गाडीकडे तोंड, आईकडे पाठ. त्याचा मोकळा हात हळूहळू तोंडाकडे निघाला होता. तो काय करतोय हे मला समजलं नाही. सिस्टरांना काहीतरी समजलं असावं, कारण त्यांनी स्वतःची पट्टी फाडल्यासारखी काढली आणि रस्त्यात टाकली.

“आता मला मारा आधी,” त्या पोलिसांना म्हणाल्या. “काढा मावशी. तुमच्या आधी माझा नंबर हाय.”

बाईने पदर मागे घेतला आणि पट्टी खाली केली. “अंकुश,” ती म्हणाली. मास्कवर गेलेला अंकुशचा हात तिथंच थांबला. आवाज फुटका, शीळ घातल्यासारखा. वरचे पुढचे दोन दात नव्हते.

तो वळला. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं.

“आई, दात कुठं गेले?”

“पडले. मोरीत पाय घसरला. त्यात काय इतकं.”

“आवाज येगळा येतो मंग.”

“यीलच ना.”

याहून जास्त काही बोलणं झालं नाही. मी दोन वर्षं त्याची फाइल सांभाळली होती. वेडाच्या भरात बोलतो, अशी नोंद मीच केली होती. आवाज वेगळा होता, हे त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं.

मग त्याने आपल्या तोंडावरचा मास्क काढला आणि सिस्टरांपुढे धरला. सिस्टरांनी तो घेतला आणि त्यांचा हात खाली गेला. कापडी मास्कला इतकं वजन नसतं. तीन पदरी कापडाच्या मध्ये, सरळ टाक्यांच्या रांगांत, गोळ्या शिवलेल्या होत्या. एकीकडची शिवण उसवलेली होती, नुकतीच. महिनाभर तो त्या नाकाशी धरून फिरत होता. तपासणीच्या दिवशी साहेबांसमोरही.

“बाकीचे?” सिस्टर म्हणाल्या.

“तीन हायेत. घोंगडीच्या घडीत.”

“ए, मास्क लाव त्याला,” पोलीस ओरडला. सिस्टरांनी पर्समधून नवा काढून दिला. रक्त दिलं, परत आलो, आणि घोंगडीतले तिन्ही मास्क सिस्टरांकडे आले. अहवालात लिथियमच्या रकान्यापुढे ‘आढळले नाही’ असं आलं. साहेबांनी तो वाचून विचारलं, “म्हणजे चांगलंच ना?” सिस्टर म्हणाल्या, “आता चांगलंय.” नोंदवहीत मी लिहिलं: तपासणी झाली, बंदी परत. साक्षीदाराची सही केली. या नोकरीत मी केलेल्या सह्यांत ती एकच अशी होती की जिच्या वर लिहिलेलं सगळं खरं होतं आणि महत्त्वाचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळपासून विजेरी टेबलावर आली. आदेशाचं काय, असं मी हळूच विचारलं. सिस्टर म्हणाल्या की त्यांनी एक उपाय काढलाय: समोरच्याने आ करायचा आणि त्यांनी श्वास रोखायचा. “जीभ, दोन गाल, टाळू. तेवढा श्वास पुरतो मला.” चाळीस माणसं, चाळीस श्वास. मधेमधे त्या कडुलिंबाकडे तोंड करून दम घेत. साहेब खिडकीतून पाहत, पण आपण काय पाहतोय हे त्यांनी स्वतःला कळू दिलं नाही. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

पंधरा दिवसांत अंकुशचा हात थरथरू लागला आणि मास्कांचे टाके वाकडे येऊ लागले. श्रमाने घडलेला माणूस बिघडला, म्हणून साहेब हळहळले. त्याला परत घड्या घालायला बसवलं. चहा तो दोन्ही हातांनी धरून पिऊ लागला, आणि तो सांडला की सिस्टर लांबून बघत असत, खूश होऊन.

दिवाळीच्या आसपास त्याला जामीन मिळाला. उपचार चालू ठेवायचे, आईने हमी घ्यायची, अशा अटी. तो दिवस सिस्टरांच्या नोकरीतल्या शेवटच्या आठवड्यातला निघाला. सुटकेचे कागद मीच केले. फाटकावर साहेबांनी छोटं भाषण केलं, त्यात अंधार आणि प्रकाश होते. एक स्थानिक वार्ताहर मोबाइल घेऊन आला होता. अंकुशने साहेबांना नमस्कार केला, शेख हवालदारांशी हात मिळवायला गेला आणि नियम आठवून थांबला, मला ‘येतो’ म्हणाला. शेवटी तो सिस्टरांपाशी आला.

“सिस्टर, त्या गोळीनं तोंडाला लोखंडाची चव येती,” तो म्हणाला.

“येतीच.”

“जात नाय का?”

“नाय. पाणी पीत जा.”

बाहेर रिक्षा उभी होती. मायलेकरं बसली. रिक्षा निघणार तेवढ्यात सिस्टर लगबगीने गेल्या, “सरक बाबा” म्हणाल्या आणि अंकुशच्या शेजारी बसल्या. वार्ताहराने फोटो काढला. शेख हवालदारांनी डोळे पुसले. त्यानंतर मला सिस्टर दिसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी पॉझिटिव्ह निघालो आणि घरी कोंडला गेलो; परत कामावर आलो तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या.

फोटो पेपरात आला. खाली लिहिलं होतं, ‘सुटका झालेल्या बंद्याला मायेने घरापर्यंत सोडणारी परिचारिका’. साहेबांनी तो चौकटीत बसवून आपल्या खोलीत लावला आणि पाहुण्यांना दाखवू लागले. मी फोन करून सिस्टरांना विचारलं की फर्दापूरपर्यंत गेलात का.

“कामून जाऊ? ते सिडको बसस्टँडला चालले व्हते. मी वाटंत टीव्ही सेंटरला उतरले,” त्या म्हणाल्या. “घर तिथंच हाय माझं. सिटी बस सुरू नव्हती झाली अजून.”